एडवर्ड ॲबी यांचे मिसूलातील वाचन : रानाची बाजू, की पशुपालकांचा अपमान?

धागाकर्ता : १९८५ साली अमेरिकी निसर्गलेखक एडवर्ड ॲबी यांनी मिसूला शहरातील मोंटाना विद्यापीठात, म्हणजे पशुपालकांच्याच मुलखात, आपला निबंध वाचून दाखवला आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी जमिनींवरची गुरे हटवावीत, त्यांच्या शिकारीचा हंगामच जाहीर करावा आणि तेथे एल्क (मोठी हरणे), बायसन (रानटी गवे) परत आणावेत, अशी मागणी केली. पशुपालकांना त्यांनी सरकारी मदतीवर पोसलेली बांडगुळे ठरवले. भाषा बोचरी होतीच (ॲबींची कधी नव्हती?), पण तेवढ्याने मुद्दा खोटा ठरत नाही. त्या वर्षी एक गाय आणि तिचे वासरू महिनाभर सरकारी कुरणात चारण्याचे शुल्क १ डॉलर ३५ सेंट होते. खासगी कुरणाचे भाडे त्याच्या कितीतरी पट. शिवाय कोरड्या प्रदेशात गुरे पाण्याकाठीच ठाण मांडतात, त्यामुळे कॉटनवूड आणि विलो या काठावरच्या झाडांची रोपे वाढण्याआधीच फस्त होतात, ओढ्यांचे काठ तुडवले जाऊन ढासळतात.

प्रतिसाद १ : शुल्काचा हिशेब मान्य, उपाय मात्र अजिबात पटत नाही. पशुपालकाची स्वतःची जमीन बहुधा पाण्यालगतची असते आणि ती टिकते सरकारी चराईच्या आधारावर. तो आधार काढला की ती बिल्डरकडे जाते, आणि मग कुंपणे, रस्ते, बंगले येतात. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरील पशुपालकांनी १९९४ मध्ये ‘मालपाय बॉर्डरलँड्स ग्रुप’ स्थापला, जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून करार केले आणि गवताळ रानात वणव्याला पुन्हा जागा दिली. ॲबींनी ज्यांना शत्रू ठरवले, त्यांच्याच जातकुळीचे हे लोक.

प्रतिसाद २ : या वादात नावाहो आणि इतर आदिवासी कुठे आहेत? माणसाविना रान ही कल्पनाच मुळात त्यांना वगळून उभी राहिली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील या रानसंरक्षणाच्या विचारावर घेतलेला आक्षेप याच दिशेचा होता, आणि व्याघ्रप्रकल्पांसाठी गावे उठवली गेलेल्या आपल्या देशाला तो परका नाही.

धागाकर्ता : आदिवासींविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, ॲबींची स्थलांतरितांविरोधी मतेही मी पाठीशी घालणार नाही. परंतु प्रतिसाद १ मधील युक्तिवादाचा अर्थ असा होतो, की खासगी जमीन विकली जाऊ नये म्हणून सार्वजनिक ओढ्यांकाठी गुरे चरू द्यावीत. त्याऐवजी चराईचा परवाना विकत घेऊन कायमचा बंद करता येतो. ओरेगनमधील कॅस्केड-सिस्कियू राष्ट्रीय स्मारकासाठी (हे संरक्षित निसर्गक्षेत्र आहे) २००९ च्या कायद्याने ही सोय केली. तेथे पशुपालकांनी स्वेच्छेने परवाने सोडले आणि मोबदला खासगी देणग्यांतून मिळाला.