चिऱ्यांवर गाडी टेकवून खाली शिरलं तर चालेल का?

अंगणातला मेकॅनिक:
२०११ची अल्टो आहे, घर देवरुखजवळ. पुढचे ब्रेक पॅड बदलायचेत आणि सायलेन्सरचा हँगर तुटलाय. पॅड मी आधी एकदा बदललेत, पण सायलेन्सरसाठी पाठीवर झोपून खाली जावं लागणार. माझ्याकडे फक्त डिकीतला जॅक आहे. बाबा म्हणतात, गडग्याचे (दगडी कुंपणाचे) जांभ्याचे चिरे पडलेत, दोन-दोन रच आणि त्यावर टेकव. अंगण मातीचं, परवाच्या पावसाने जरा मऊ झालंय.

जुना फिटर:
चिरे नकोत रे बाबा. जांभा भिंतीत चांगला, तिथे वजन सगळ्या अंगावर पसरतं. गाडीचं वजन येणार पत्र्याच्या बोटभर कडेवर. मी पूर्वी शेजाऱ्याची जीप अशीच चिऱ्यांवर घेतली होती. तासभर काही झालं नाही. पाना आणायला उठलो आणि मागे धप्प! चिऱ्याचा चुरा, ड्रम मातीत. लाकूड निदान करकरतं तरी, चिरा काही सांगत नाही. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही त्याच जातीचा.

डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता. दोन-दोन टनांचे जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी पाय) घे आणि एक ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक. मातीत काम नकोच, कोबा असलेली जागा बघ. अगदीच नाइलाज असेल तर जॅक आणि स्टँड, दोन्हींखाली जाड फळी हवी, नाहीतर पाय रुततात.

ओली चिंच:
हँडब्रेक ओढला की झालं ना?

जुना फिटर:
अल्टोचा हँडब्रेक मागच्या चाकांना. मागची दोन्ही उचललीस की तो कुचकामी, तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवायची. पुढचं एक चाक उचललंस तर उलट: गिअरचा भरवसा नाही, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) हवेतलं चाक फिरतं आणि जमिनीवरचंही सुटतं. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचेच. तिथे चिरे वापर खुशाल. आणि नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर.

अंगणातला मेकॅनिक:
काका, जॅक दाराच्या उंबऱ्याखालच्या खाचेत लावला तर स्टँड कुठे लावू?

जुना फिटर:
हे विचारलंस ते बरं केलंस, इथेच लोक घोळ घालतात. ट्रॉली जॅकची मधली जागा मॅन्युअलच्या चित्रात बघ. ऑइल चेंबरखाली चुकूनही नको. गाडी उचलली की उंबऱ्याखालच्या दोन खाचांखाली स्टँड सरकव, जॅक हळू सोड. हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं की तो खाली बसतो, म्हणून वजन स्टँडवरच. मग बाहेर उभा राहून गाडी दोन्ही हातांनी हलव. डुलली तर पुन्हा लाव. काढलेलं चाक उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेव, आणि सायलेन्सर गार झाल्याशिवाय हात लावू नकोस.

अंगणातला मेकॅनिक:
स्टँड आणले, काम शेजाऱ्यांच्या कोब्यावर केलं. हलवून बघितल्यावर डावा स्टँड अर्धाच खाचेत बसलेला निघाला, पुन्हा लावला. चिरे बाबांनी गडग्यावर परत रचलेत.