फॉरवर्ड घेणारे घाबरट? कालच्या पोस्टला उत्तर

भोसरीकर: काल इथे लिहिलं गेलं, 'रुपया पडतच जाणार, निर्यातदाराने फॉरवर्ड घेणं म्हणजे बँकेची धन.' फॉरवर्ड म्हणजे पुढे मिळणारे डॉलर आजच ठरलेल्या भावाने बँकेला विकून ठेवणं. ती पोस्ट वाचून झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. भोसरीत माझं शॉप आहे, व्हॉल्व्हचे पार्ट टेक्सासला जातात. जानेवारी २००७ मध्ये डॉलर ४४ च्या आसपास धरून वर्षाची ऑर्डर घेतली. नोव्हेंबरात डॉलर ३९ वर. माल तोच, कामगार तेच, आणि डॉलरमागे पाच रुपये गायब! मार्जिन होतं आठ टक्के, गेले अकरा. त्या दिवाळीचा बोनस बायकोचे दागिने गहाण ठेवून दिला. रुपया पडतच जातो, हे मला सांगू नका.

वाकडवासी: पोस्ट माझीच. एका वर्षाची गोष्ट किती उगाळणार? ४४ चा डॉलर ८० च्या वर गेला. ज्याने काहीच केलं नाही, तोच कमावून बसला.

भोसरीकर: वीस वर्षांची सरासरी पगाराच्या दिवशी उपयोगाची नाही. सात तारखेला बासष्ट माणसं दारात उभी असतात.

चाकणची अकाउंट्सवाली: 'बँकेची धन' हे तर साफ चूक. आपले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त, म्हणून पुढचा डॉलर महाग असतो. तो आज विकला की निर्यातदाराला वर प्रीमियम, म्हणजे आजच्या भावापेक्षा जादा पैसे मिळतात. प्रीमियम भरतो आयातदार. पैसे जातात ते रेटमध्ये! आमची बँक फोनवर रेट सांगायची, आम्ही 'हो' म्हणायचो. एकदा मी फोन कानाला लावून बाजारभाव उघडून बसले, ४० पैशांचा फरक. ५० हजार डॉलरच्या बिलावर २० हजार रुपये! आणि अशी बिलं महिन्याला तीन.

सदाशिवपेठी: ४० पैसेच ना? आमच्याकडून ६५ घेतले. विचारलं तर म्हणे, 'सर, व्हॉल्यूम कमी आहे.'

चाकणची अकाउंट्सवाली: क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल, म्हणजे डॉलर खरेदी-विक्रीचा ऑनलाइन मंच, २०१९ पासून आहे. भाव समोर दिसतो, बँकेचं शुल्क वेगळं. आमच्या मॅनेजरने त्याचं नाव सहा महिने काढलं नाही. फॉर्म मी स्वतः मागितला.

सदाशिवपेठी: मला हे आज कळतंय, याचाच संताप आहे. आणि ज्या बँकांनी २००७ मध्ये 'शून्य खर्चाचं' म्हणून ऑप्शन नावाचं डॉलरचं कंत्राट गळ्यात मारलं, त्यांचं काय? डॉलर वर गेला तर ठरलेल्या जुन्या भावाने दुप्पट डॉलर द्यायचे, ही अट सातव्या पानावर. २००८ संपताना डॉलर पन्नाशीला टेकला तेव्हा ते पान वाचलं. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने १९ बँकांना दंड केला, तो ५ ते १५ लाखांचा. आमचं नुकसान त्याहून मोठं होतं.

वाकडवासी: हेच तर म्हणतोय मी!

भोसरीकर: नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तो जुगार होता, त्याला फॉरवर्ड म्हणू नका. पावतीवरचे डॉलर विकणं वेगळं, नसलेले डॉलर विकणं वेगळं.

वाकडवासी: नसलेले डॉलर? ऐका मग. जानेवारी २०२० मध्ये एप्रिलचे दोन लाख डॉलर ७२ ने विकले. पक्की ऑर्डर, सही-शिक्क्याची. मार्चमध्ये लॉकडाऊन, गिऱ्हाइकाने माल नको म्हणून कळवलं. एप्रिलमध्ये डॉलर ७६. फॉरवर्ड रद्द करायला डॉलरमागे चार रुपये, म्हणजे आठ लाख, आणि कारखान्याला कुलूप. वडिलांनी जमवलेली एफडी मोडली. घाबरट मी होतो का?

भोसरीकर: हे काल लिहायला हवं होतं. तरी माझं म्हणणं बदलत नाही. चूक ऑर्डरच्या शंभर टक्के विकण्यात होती. मी ६० टक्क्यांच्या वर जात नाही. उरलेल्यासाठी स्टीलचा काही भाग डॉलरमध्येच आणतो, आलेल्या डॉलरमधूनच ते बिल फिटतं.

चाकणची अकाउंट्सवाली: आणि उलटंही होतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ च्या वर गेला तेव्हा आमचे साहेब ७० ची वाट बघत बसले. ऑक्टोबरात ६१ ला विकले.

वाकडवासी: ६० टक्के मान्य. 'बँकेची धन' हे शब्द मागे घेतो, पण रेटपुरते नाही. मॅडम, तो फॉर्म कुठल्या टेबलावर मागायचा?

चाकणची अकाउंट्सवाली: ट्रेड फायनान्सच्या, म्हणजे बँकेत आयात-निर्यातीची कामं बघतात त्या. लेखी मागा, पोच घ्या.