शब्दचर्चा : 'मंडळी' निघाली, 'चर्च' राहिलं?

भाषांतरी : स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या सेंट जाइल्स या जुन्या चर्चचा इतिहास मराठीत आणतेय आणि एका वाक्याने दोन दिवस खाल्लेत. शब्दशः केलं तर असं होतं : 'चर्च चर्चमधून बाहेर पडलं, पण चर्चमध्येच राहिलं.' पहिलं चर्च म्हणजे माणसं, दुसरं इमारत, तिसरं पंथ. तिन्हीला आपण एकच शब्द वापरतो. काय करू?

कोल्हापूरकर : माणसांना 'मंडळी' म्हणा. आमच्याकडे दुसरा शब्दच नाही. 'मंडळीचा हिशोब', 'मंडळीचे पाळकसाहेब' (म्हणजे धर्मगुरू), 'अमुक गावची मंडळी'. १८५२ला रॉयल वायल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची ही परंपरा; १८७०पासून ती प्रेसबिटेरियन, म्हणजे बिशप नसलेल्या प्रोटेस्टंट पंथाची. इमारतीला मात्र 'चर्च'च. रविवारी 'चर्चला जातो' म्हणतो, 'मंडळीला जातो' असं कुणी म्हणत नाही.

निवांत : मंडळी म्हणजे घरची बायको, असं आमचे आजोबा समजायचे. 'मंडळी माहेरी गेलीय.' 😀

भाषांतरी : हाच तर घोळ! वाचकाला वाटेल पाहुणे आलेत. शिवाय अनेकवचनाचं काय? माझ्या मजकुरात एका छपराखाली चार आहेत.

कोल्हापूरकर : मंडळ्या. मराठी बायबलमध्ये प्रकटीकरणात 'सात मंडळ्या' आहेत, बिनधास्त लिहा. आणि चार कशा काय?

भाषांतरी : १५६०च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंडने पोपशी नातं तोडल्यावर, शहराला एवढं मोठं एकच सभागृह नको होतं. प्रवचन ऐकू आलं पाहिजे ना. मग आत भिंती घालून आधी तीन आणि पुढे चार मंडळ्या बसवल्या. १६३३ला चार्ल्स राजाने तिथे बिशप नेमला आणि भिंती काढायला लावल्या. १६३७च्या २३ जुलैला नवं प्रार्थनापुस्तक वाचायला सुरुवात झाली, तेव्हा जेनी गेडिस नावाच्या बाईने वाचणाऱ्याच्या डोक्याच्या दिशेने बसायचं स्टूल भिरकावलं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी बिशप गेले आणि मग भिंती परत आल्या. त्या शेवटच्या निघाल्या १८७२ ते १८८३च्या डागडुजीत. तोवर एकेक मंडळी बाहेर पडत गेली.

कोशवाचक : मग 'कॅथीड्रल' का म्हणतात? कॅथीड्रल म्हणजे बिशपचं आसन जिथे असतं ते. प्रेसबिटेरियनांत बिशपच नसतो.

भाषांतरी : बिशप गेला, नाव चिकटलं. १६६१ ते १६८९ पुन्हा एकदा होता, तेवढंच. आपल्याकडे वाडा पडून तिथे सोसायटी उभी राहिली तरी रिक्षावाला 'वाडा' म्हणतो तसं. अधिकृत नाव 'हाय कर्क'. कर्क म्हणजे स्कॉट भाषेतलं चर्चच.

कोशवाचक : आता मूळ मुद्दा. 'प्रेसबिटर' हा ग्रीक शब्द, अर्थ वडीलधारा. मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'वडील' हाच शब्द आहे. म्हणजे प्रेसबिटेरियन मंडळी म्हणजे अक्षरशः वडीलधाऱ्यांची मंडळी! इतकं चपखल मराठी आपोआप जुळून आलंय आणि तुम्ही 'चर्च चर्चमधून' करत बसलात.

निवांत : लग्नपत्रिकेतली 'वडीलमंडळी' सापडली म्हणायची.

कोशवाचक : हसा. पण 'मंडळी'चा इमारतीशी संबंध नाही हे मराठीला नवीन नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. मुक्काम हलला की मंडळी हलायची, थिएटर तिथेच. आणि तिथेही 'नाटक मंडळ्या' असं अनेकवचन सर्रास होतंच.

मुंबईची : आमच्याकडचं उदाहरण देते. १८४३ला स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. १८ मे रोजी एडिंबरोत शेकडो पाळक सभेतून उठून चालत दुसऱ्या हॉलमध्ये गेले आणि 'फ्री चर्च' उभं राहिलं. मुंबईत जॉन विल्सन (तेच, विल्सन कॉलेजवाले) फ्री चर्चकडे गेले. मिशनच्या इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या. त्यांनी 'चर्च सोडलं' असं लिहिलं तर काय सोडलं, खोली की पंथ? दोन्ही. इथे मराठीने गोंधळ घातला नाही, इतिहासानेच घातलाय.

भाषांतरी : हे भारी! सेंट जाइल्समधली एक मंडळी, टोलबूथ, अशीच दुसऱ्या इमारतीत गेली. जवळच उंच मनोऱ्याचा व्हिक्टोरिया हॉल उभा राहिला तिकडे. आता त्या इमारतीत एडिंबरोच्या कला महोत्सवाचं कार्यालय आहे, तिचं नाव 'द हब'. तिथेही मंडळी नाही.

मुंबईची : मी गेलेय सेंट जाइल्सला. आत उपासनेचं मेज कोपऱ्यात नाही, मधोमध आहे, भोवती खुर्च्या. मागच्या चौकात गाड्या लावतात. तिथे २३ नंबरच्या जागेखाली जॉन नॉक्सचं (स्कॉटलंडच्या धर्मसुधारणेचा पुढारी) थडगं होतं असं दाखवतात. त्यावर एक करडी गाडी उभी होती.

कोशवाचक : नॉक्सच्या 'चर्चयार्ड'ला काय लिहिणार? 'चर्चचं आवार'? कबरी असतील तर 'कबरस्तान' लिहा, आवारात आपल्याला चप्पल-स्टँड दिसतो.

भाषांतरी : बरं, हा मसुदा बघा : 'टोलबूथ मंडळी सेंट जाइल्सच्या इमारतीतून बाहेर पडली, पण स्कॉटलंडच्या चर्चमध्येच राहिली.' इमारतीला 'इमारत', पंथाला 'चर्च', माणसांना 'मंडळी'.

कोल्हापूरकर : बरोबर. फक्त पहिल्या उल्लेखात 'उपासकांची मंडळी' लिहा, नाहीतर निवांतच्या आजोबांना वाटेल कुणाची तरी बायको घर सोडून गेली.