पाचगणीच्या थंडीत लांबट वांगी: बी कुठलं, लावू कधी?

टेबललँडची_माळीण: नमस्कार मंडळी. घरामागे १० बाय ६ फुटांचा वाफा आहे. बोटाएवढी जाड, वीतभर लांब जांभळी वांगी लावायचीत, चिनी-जपानी प्रकारची. साल पातळ, बिया कमी, काचऱ्या फार छान होतात. गेल्या वर्षी ऑक्टोबरात रोपं लावली, डिसेंबरात फुलं आली आणि सगळी गळली. एक वांगं धरलं नाही, जीव हळहळला. बजेट ५०० रुपये, वर जाणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली: ताई, वांगं खावं तर कृष्णाकाठचं. आमच्या मळीच्या रानातल्या वांग्याचं भरीत एकदा खा, ती लांब वांगी विसराल. बी मी देतो, फुकट.

भिलारचा_बागायतदार: छोटं पॉलिहाऊस करा. २५-३० हजारांत होतं, मी केलंय. आणि स्ट्रॉबेरीला घालतो तसा मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचा प्लॅस्टिकचा कागद, चंदेरी बाजू वर. मावा कीड कमी येते.

कोरेगावचे_काका: त्यांचं बजेट ५०० आहे हो.

माळीणताई, फुलं थंडीनंच गळाली. रात्री पारा १५ अंशांखाली राहिला की वांग्याचं परागीभवन नीट होत नाही. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत तेच होतं. म्हणून उलटं करा. जानेवारीत घरात, फ्रिजवर किंवा चुलीजवळ, कोकोपीटच्या ट्रेमध्ये बी टाका. उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. ६-७ आठवड्यांची रोपं फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला वाफ्यात. लांबट वांगं बारीक असतानाच तोडतात, त्यामुळे लवकर हाताशी येतं. तुमचा जूनचा पाऊस कोसळायच्या आत बरेच तोडे होतील. पेपर घालायचा तर काळी बाजू वर, माती तापते. बी 'पुसा पर्पल लाँग' घ्या, स्वस्त आहे.

भिलारचा_बागायतदार: चंदेरीच वर. १५ वर्षं घालतोय.

कोरेगावचे_काका: स्ट्रॉबेरीला गारवा चालतो, वांग्याला मुळाशी ऊब हवी.

वाईची_सुगरण: आधी तिथं काय होतं ते बघा! मी टोमॅटोच्या वाफ्यात वांगी लावली, १४ पैकी ११ झाडं उभ्या उभ्या मान टाकून गेली. मर रोग. टोमॅटो, मिरची, बटाटा, वांगी एकाच कुळातली, एकामागोमाग एक लावू नका.

मिरजेची_गच्ची: फुलं थंडीमुळे गळतात. जानेवारीत बी टाका. आणि शेंडे अळीचं काय? कुणाकडे बीटी वांग्याचं, म्हणजे जनुक बदलून अळीला न जुमानणारं केलेल्या वांग्याचं, बी आहे का?

कोरेगावचे_काका: बीटी वांग्याला आपल्याकडे फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. सुकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडून नष्ट करायचा, कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारा, लावायचा. घरच्या वाफ्याला तेवढं पुरतं.

कृष्णाकाठ_सांगली: बी पाठवू का ताई? पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

टेबललँडची_माळीण: सगळ्यांचे मनापासून आभार. वाफ्यात गेल्या वर्षी वांगीच होती, म्हणून जागा बदलून दक्षिणेच्या भिंतीलगत लावते. दगडी भिंत संध्याकाळपर्यंत ऊब धरते. बी मात्र मी तैवानचं 'पिंगतुंग लाँग' मागवलं, १२० रुपयांचं पाकीट. पुसा नाही, कृष्णाकाठचंही नाही. माझ्या मनात पहिल्यापासून तेच वांगं आहे. पेपर काळी बाजू वर. काका, फुलं आल्यावर परागीभवनासाठी फांदी हलवून द्यायची का?

कोरेगावचे_काका: हो, सकाळी ऊन आल्यावर टिचकी मारा. आणि झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवा.

भिलारचा_बागायतदार: मावा आला की चंदेरी बाजू आठवेल.