शाळेची जागा कोणाच्या नावावर आहे?

विषय: गावच्या शाळेसाठी नवी इमारत
प्रेषक: नाना, मेलबर्न

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आईच्या वर्षश्राद्धासाठी गेल्या महिन्यात गावी जाऊन आलो. धुळे-जळगाव महामार्ग रुंद झाल्यापासून गाव ओळखू येत नाही. ज्या शिवारात आपण कपाशी वेचायला जात होतो, तेथे आता चुन्याने आखलेले प्लॉट आणि त्यांच्या तोंडाशी लेआउटच्या रंगीत कमानी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेला मात्र आपल्या वेळच्याच सहा खोल्या आहेत आणि त्यांपैकी दोन शिकस्त ठरल्यामुळे कुलूपबंद आहेत. तिसरी आणि चौथीचे वर्ग एकाच व्हरांड्यात पाठीला पाठ लावून बसतात. एका बाजूला पाढे सुरू झाले की दुसऱ्या बाजूची कविता थांबते. कुलूपबंद खोलीच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली आहे. एका मुलाने त्या भेगेतून आपली पेन्सिल काढून मला दाखवली. ती ठेवण्याची त्याची नेहमीची जागा तीच आहे, असे त्याने अगदी सहजपणे सांगितले.

माझा प्रस्ताव असा आहे की, आपल्या परदेशस्थ मंडळाच्या गणेशोत्सवातून उरलेली शिल्लक आणि सभासदांच्या वर्गण्या एकत्र करून शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत सहा नव्या खोल्या बांधाव्यात. माझा भाचा जळगावला आर्किटेक्ट आहे आणि तो नकाशा विनामूल्य करून देईल. अमळनेरला प्रतापशेठजींनी गिरणी काढली तशा शिक्षणसंस्थाही उभ्या केल्या, म्हणून तर साने गुरुजींसारखा शिक्षक प्रताप हायस्कुलातल्या मुलांना लाभला. आपण तेवढे मोठे नाही, पण सहा खोल्यांइतके नक्कीच आहोत. दिवाळीत भूमिपूजन व्हावे, असे मनात आहे.

आपला,
नाना

---

विषय: उत्तर: गावच्या शाळेसाठी नवी इमारत
प्रेषक: ताई, न्यू जर्सी

आदरणीय नाना,

सा. न. वि. वि. पेन्सिलीचा प्रसंग वाचून मन हलले, आणि म्हणूनच हे पत्र थोडे कोरडे झाले तरी आपण रागावणार नाही, असा विश्वास आहे. परदेशी येण्यापूर्वी मी काही वर्षे सरकारी बांधकामांच्या कामावर होते, आणि त्या काळात अडलेल्या इमारती पैशांपेक्षा जागेपायीच अधिक अडलेल्या पाहिल्या. माझे आजोबा बैलजोडीच्या व्यवहारातसुद्धा पहिला प्रश्न एकच विचारत: "कागद शे का?" (कागद आहे का?) तोच प्रश्न मी आपल्याला विचारते. शाळेची सध्याची जागा सातबारावर कोणाच्या नावावर आहे?

खानदेशातल्या कितीतरी जुन्या शाळांची कथा सारखीच आहे. गावातल्या एखाद्या उदार शेतकऱ्याने "बांधा माझ्या बांधावर" असे म्हटले, चार माणसांनी मान डोलावली आणि शाळा उभी राहिली. त्या काळी शब्दाला किंमत होती आणि जमिनीला फारशी नव्हती. आता नेमके उलटे झाले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताने, दात्याच्या सहीने आणि किमान दोन साक्षीदारांच्या साक्षीने व्हावे लागते. तोंडी दिलेली जमीन शाळेच्या ताब्यात राहते, पण तिच्या नावावर होत नाही. ज्या जमिनीच्या उताऱ्यावर जिल्हा परिषदेचे नाव नाही, तिच्यावर नव्या वर्गखोल्यांचा प्रस्ताव पाठवला की तो कोणत्या ना कोणत्या टेबलावर अडतोच. आपण स्वतःच्या पैशाने बांधले तर तो अडणार नाही हे खरे, परंतु मग आपण दुसऱ्याच्या शेतात सहा खोल्या बांधून देऊ आणि त्याचे नातू एक दिवस त्यांना कुलूप लावतील.

आपल्याच ओळखीतल्या एका परदेशस्थ मंडळाने (नाव घेत नाही) अगदी याच उत्साहाने एका गावात सभागृह बांधले. आज तेथे वारसांचा दावा चालू आहे आणि सभागृहात कापसाची पोती ठेवली आहेत. कोनशिला मात्र शाबूत आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, आधी जागा मिळवावी, आणि ती आजच्या पटासाठी नव्हे तर पंधरा वर्षांनंतरच्या गावासाठी मिळवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण एवढे हवेच. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक. हा हिशेब मांडला की शाळेमागची मोकळी जागा, जी खरे तर मुलांचे एकमेव मैदान आहे, अपुरी पडते हे आपल्या लक्षात येईल. आपण तिथे खोल्या बांधल्या तर मुलांना वर्ग मिळतील आणि खो-खो जाईल.

जागा कोठून मिळेल, याचा विचार मी काल रात्री कागद घेऊन केला. गायरानाकडे सर्वांची नजर आधी जाते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणातील निकालानंतर आणि जमीन महसूल अधिनियमात कलम २२-अ आल्यानंतर गायरानाचा वापर बदलणे सोपे राहिलेले नाही. शाळेसाठी मागणी करता येते, मात्र ती ग्रामसभेच्या ठरावासह, जिल्हा परिषदेमार्फत, जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे; मंडळाच्या लेटरहेडला तेथे काही अर्थ नाही. लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर डोळा ठेवू नये, कारण ती मंजुरीतच खेळण्या-बागडण्यासाठी ठेवलेली असते. (तिच्यावर हळूच एखादे देऊळ उभे राहते, हा भाग वेगळा.) मोठ्या लेआउटमध्ये मात्र सुविधा क्षेत्र म्हणून वेगळा तुकडा सोडलेला असतो आणि शाळा ही सुविधा आहे. महामार्गालगतच्या मोठ्या लेआउटचा मंजूर नकाशा कोणी पाहिला आहे का? कमानीवरचा रंगीत नकाशा नव्हे, सही-शिक्क्याचा.

गावाची नगरपंचायत होणार अशी चर्चा आपल्याही कानावर आली असेल. तसे झाले तर विकास आराखडा तयार होईल, त्यात प्राथमिक शाळेचे आरक्षण पडेल, आणि सर्वांना वाटेल की काम झाले. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. हिरव्या-पिवळ्या नकाशावरची किती मैदाने अशी विरून गेली आहेत! म्हणून दोन-तीन एकर जमीन अजून शेती आहे तोवर, म्हणजे तिच्यावर चुना पडण्याआधी, हाती आली पाहिजे.

बांधकामाविषयी एकच सांगते, कारण त्या भेगेचे उत्तर त्यात आहे. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत आपण लहानपणी हात घालत होतो, तीच भेग भिंतीत आली आहे. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर वर कितीही सिमेंट ओतले तरी भिंत दर वर्षी हलणारच. म्हणून नकाशाच्या आधी चाचणी खड्डे घ्यावेत. मुरूम जवळ लागला तर साधा पाया चालेल. काळी माती खोलवर असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेला, तळाशी कंदासारखा फुगवलेला पाइल (जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब), साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेलेला, हा उपाय आहे. आपल्या भाच्याला एवढेही सांगावे की इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवून खिडक्या उत्तर-दक्षिण घ्याव्यात आणि दक्षिणेला रुंद व्हरांडा द्यावा. आपल्याकडचा पारा पंचेचाळीसवर जातो. सकाळची शाळा केली तरी अकरा वाजता स्लॅब तापलेलाच असतो.

पैशांबद्दल. विदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, २०१० प्रमाणे आपले मंडळ हा परकीय स्रोत आहे, आणि ज्यांनी पासपोर्ट बदलला आहे असे माझ्यासारखे ओसीआय कार्डधारकही परकीयच आहेत. आपली देणगी केवळ नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर केवळ तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात जाऊ शकते; ती संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. ज्यांच्याकडे आजही भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय ठरत नाहीत. तेव्हा गणेशोत्सवाची शिल्लक थेट गावाला पाठवता येणार नाही, हे आताच स्पष्ट केलेले बरे.

प्रतापशेठजींचा दाखला मला मान्य आहे, पण एक फरक आहे. ते ज्या गावासाठी देत होते त्या गावातच राहत होते, आणि आपण दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे जातो.

आपली,
ताई

---

विषय: उत्तर: उत्तर: गावच्या शाळेसाठी नवी इमारत
प्रेषक: नाना, मेलबर्न

चि. ताई आणि सर्व सभासद,

पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा, खरे सांगतो, राग आला. दुसऱ्या दिवशी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून उतारा पाहिला. भोगवटादार म्हणून ज्या आबांनी जमीन दिली होती त्यांचेच नाव आहे. त्यांना जाऊन किती पावसाळे झाले, कोण जाणे. 'इतर हक्क' या रकान्यात शाळेचा शब्दही नाही. आणि पिकांच्या नोंदीत त्या संपूर्ण गटात, म्हणजे ज्या जागेवर मी स्वतः बाराखडी शिकलो तेथेही, कापूस लावलेला आहे.

आबांच्या थोरल्या नातवाशी काल फोनवर बोललो. माणूस सरळ आहे. आजोबांचा शब्द मोडायचा नाही, असे तो म्हणाला, मात्र वारस नोंदच झालेली नाही आणि दोन आत्या सुरतेला आहेत. मुलींचाही हिस्सा असल्याने त्यांच्या सह्यांशिवाय बक्षीसपत्र होणार नाही, हे मी त्याला सांगितले. त्यावर तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "जिभाऊ, आत्यांशी बोलायला तुम्हीच या." त्यांच्याशी गेल्या काही वर्षांत बोलणे नाही, असे दिसते. त्यामुळे दिवाळीत गावी जाण्याऐवजी मी आधी सुरतेला उतरेन.

मुख्याध्यापकांशीही बोलणे झाले. शिकस्त खोल्यांच्या निर्लेखनाचा (त्या मोडीत काढण्याचा) प्रस्ताव त्यांनी पंचायत समितीकडे दिला आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत शाळा विकास आराखड्यात नव्या जागेची मागणी लिहून घेण्यास ते तयार आहेत. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, तेव्हा मागणी गावाचीच राहील. आपण तिच्या मागे उभे राहावे. सुविधा क्षेत्राचा नकाशा भाचा नगररचना कार्यालयातून मिळवणार आहे.

भूमिपूजनाचा आणि कोनशिलेचा विषय मी मागे घेतो. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे जुन्या जागेच्या मोजणीची फी मी माझ्या खात्यातून भरतो. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी फक्त "होय" एवढे कळवावे, रक्कम आत्ता सांगू नये. ज्यांचा बदलला आहे त्यांच्यासाठी जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात शिक्षणाचे काम करणारी, विदेशी अंशदानाची नोंदणी चालू असलेली संस्था ताईने शोधावी, ही तिला विनंती.

आपला,
नाना

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: गावच्या शाळेसाठी नवी इमारत
प्रेषक: ताई, न्यू जर्सी

आदरणीय नाना,

संस्था शोधण्याचे काम घेतले. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटांचे खातेदार हजर राहतील असे पाहावे, अन्यथा हद्दीच्या खुणांवरून पुढे वाद निघतो. सुरतेला जाताना शाळेचा एखादा जुना फोटो मिळाला तर बरोबर न्यावा. दोन्ही आत्या त्याच शाळेत शिकल्या असतील.

आपली,
ताई