मदत हवी आहे: न बोलणाऱ्या भावाला मारहाणीबद्दल कसं विचारावं?

माझा प्रौढ भाऊ सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू शकत नाही. समजतं मात्र त्याला सगळं, चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगतो. दिवसा तो एका केंद्रात असायचा. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला बोटांनी दाबल्यासारखे वळ दिसले. पडल्यावर लागतं ते बहुधा कोपर, गुडघा अशा हाडाच्या जागी. शिवाय एक ठरावीक मदतनीस दिसला की तो अंग चोरतो.

केंद्र म्हणतं, खुर्चीत बसवताना लागलं असेल. डॉक्टरांकडून नोंद करून घेतली आहे, तारखेसह फोटो आहेत आणि तो सध्या घरीच आहे. तक्रार करणारच आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराचं कलम 16 अशा केंद्रांवर स्वतंत्र देखरेख हवी असं सांगतं, तेही लिहिणार आहे.

अडलंय ते तक्त्यापाशी. त्यावर जेवण, पाणी, शौचास, टीव्ही आहे. 'मारलं', 'भीती वाटते', 'नको होतं', खाजगी अवयव यांची चित्रंच नाहीत. ज्याच्यावर अत्याचार होण्याचा धोका सगळ्यात जास्त, त्यालाच ते सांगायला शब्द दिलेले नाहीत, याचा फार त्रास होतो. आता मीच ती चित्रं घालून विचारलं, तर उत्तर वदवून घेतलं असं म्हणतील. शिवाय दमला की तो कशालाही 'हो' म्हणतो. म्हणून अजून काहीच विचारलेलं नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञ, वकील किंवा यातून गेलेलं कुणी सांगेल का: जबाबाआधी ही चित्रं कुणी आणि कशी शिकवावीत, म्हणजे त्याचं सांगणं त्याचंच धरलं जाईल?