ईएसओ: लेव्हल वाढतेय आणि मार कमी बसतोय, असं का? (लेव्हल स्केलिंग)

गारगोटी:

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन (ईएसओ), सॉर्सरर म्हणजे जादूगार, लेव्हल ३८. लेव्हल २४ च्या आसपास रस्त्यातला लांडगा किंवा डाकू दोन-तीन फटक्यांत आडवा व्हायचा. आता तोच डाकू सहा-सात फटके खातो, आणि तोवर मॅजिका (जादूची शक्ती) संपत येतं. शत्रू आपल्या बरोबरीने चालतात हे माहीत आहे. पण मग ते बरोबरीचेच राहायला हवेत, वरचढ कसे होतात?

सध्याची स्थिती अशी: हातात २४ चा लाइटनिंग स्टाफ (विजेची काठी), जांभळा केलेला (रंग म्हणजे दर्जा: हिरवा, निळा, जांभळा, सोनेरी असा चढता). अंगावर चार जड आणि तीन हलके तुकडे, कुठल्याच सेटचे (एकत्र घातले की जास्त फायदा देणारे) नाहीत. अ‍ॅट्रिब्यूट पॉइंट हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना तिन्हींत सारखे वाटलेत. स्किल्स बहुतेक स्टॉर्म कॉलिंगमधलीच. चॅम्पियन पॉइंट (५० नंतरची प्रगती मोजणारे) अजून सुरू व्हायचेत.

५० होईपर्यंत नेमकं काय बदलू? दुसरं म्हणजे मामेभाऊ पुण्यातून नवीन सुरू करतोय, मी अमेरिकेत. त्याच्याबरोबर खेळायला मलाही नवीन कॅरेक्टर काढावं लागेल का?

खडूफळा:

शत्रू वरचढ झालेले नाहीत. तुम्हाला दिलेला आधार कमी होत चाललाय.

ऑक्टोबर २०१६ मध्ये वन टॅमरिएल अपडेट आलं. त्याआधी प्रत्येक प्रदेशाची लेव्हल ठरलेली असायची. त्यानंतर मोकळ्या जगातले सगळे शत्रू एकाच पट्टीवर, म्हणजे चॅम्पियन १६० च्या (५० च्या पुढे १६० चॅम्पियन पॉइंटच्या) पट्टीवर आणले गेले, आणि ते तिथेच उभे आहेत. ते तुमच्याबरोबर वर चढत नाहीत. उलट ५० च्या खालच्या खेळाडूलाच गेम उचलून त्या पट्टीजवळ नेतो. हेल्थ, मॅजिका, डॅमेज या सगळ्यांत भर घालतो, म्हणून लेव्हल ५ चा माणूसही कुठेही जाऊन लढू शकतो. लेव्हल वाढते तशी ही भर कमी होते, कारण गेम असं धरून चालतो की दरम्यान तुम्ही गिअर (हत्यार-चिलखत) बदलत आला आहात. तुम्ही ते बदललं नाही, म्हणून १४ लेव्हलची भर गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर लेव्हल वाढायच्या अगदी आधी कॅरेक्टरचं पान उघडून डॅमेजचा आकडा लिहून ठेवा. लेव्हल वाढल्यावर एकही वस्तू न बदलता तोच आकडा पुन्हा बघा. जुन्या गिअरवर तो खाली आलेला दिसेल.

आता दुरुस्ती. आधी हत्यार, मग बाकी सगळं. तुमच्या डॅमेजचा पाया हत्याराच्या आकड्यावर उभा असतो. नुसत्या काठीच्या फटक्याचा नाही, स्किल्सचासुद्धा. २४ चा जांभळा स्टाफ ठेवून ३८ चा साधा हिरवा घेतलात तरी फरक लगेच जाणवेल. रंग पाहून वस्तू सांभाळून ठेवायची सवय इथेच नडते. ५० च्या आत रंगापेक्षा लेव्हल मोठी. हत्यार दर चार-पाच लेव्हलला, चिलखत आठ-दहा लेव्हलला बदलत गेलात तर पुरे.

दुसरं, अ‍ॅट्रिब्यूट. ५० पर्यंत एकूण ६४ पॉइंट मिळतात. वरच्या पट्टीवर एक पॉइंट म्हणजे १११ मॅजिका किंवा १११ स्टॅमिना, हेल्थला १२२. तिन्हींत वाटले की काहीच पुरेसं होत नाही. मॅजिकावर चालणाऱ्या सॉर्सररने सगळे मॅजिकात टाकावेत आणि हेल्थची कमी खाण्यातून भरून काढावी. हेल्थ आणि मॅजिका दोन्ही वाढवणारं निळं खाणं स्वतः शिजवता येतं, गिल्ड ट्रेडरकडेही (खेळाडूंच्या गटांच्या दुकानात) मिळतं. खाणं न खाता लढणं ही नवख्यांची सगळ्यांत महाग चूक आहे.

तिसरं, चिलखत. चार जड तुकडे मॅजिकावाल्याच्या कामाचे नाहीत. हलक्या चिलखताची पॅसिव्ह (आपोआप चालू राहणारी कौशल्यं) मॅजिकाचा खर्च कमी करतात, ते भरून येण्याचा वेग वाढवतात, वर क्रिटिकल (जास्त जोराच्या फटक्याची शक्यता) आणि पेनिट्रेशन (शत्रूचं चिलखत भेदणं) देतात. तुमचं मॅजिका संपण्याचं अर्धं कारण इथेच आहे. पाच हलके, एक मध्यम, एक जड असं घाला. म्हणजे तिन्ही चिलखतांच्या लाइन (कौशल्यांचे गट) वाढत राहतील. पुढे अनडॉन्टेड गिल्डचं जे पॅसिव्ह तिन्ही प्रकार घालणाऱ्याला फायदा देतं, त्याचीही तयारी होईल.

आणि फटके कसे मारताय तेही बघा. स्किल्समध्ये साधारण एक सेकंदाचं अंतर असतं. त्या सेकंदात आधी हलका फटका आणि लगेच स्किल, पुन्हा हलका फटका आणि स्किल, अशी वीण घालायची. हलक्या फटक्याला मॅजिका लागत नाही आणि अल्टिमेटही (सगळ्यांत मोठं स्किल) त्यानेच भरत जातं. मॅजिका तळाला गेलं की काठीचा एक जड फटका पूर्ण ओढून मारा, तो मॅजिका परत देतो. एकच स्किल दाबत राहणाऱ्याचं मॅजिका कुठल्याही लेव्हलला संपणारच.

लोहारसाळ:

वर सांगितलंय त्यात थोडी कारागिरीची भर घालतो, कारण ३८ चा स्टाफ विकत शोधण्यापेक्षा बनवणं सोपं.

लाकूड लेव्हलप्रमाणे बदलतं. १ ते १४ मेपल, १६ ते २४ ओक, २६ ते ३४ बीच, ३६ ते ४४ हिकरी, ४६ ते ५० यू. तुम्हाला हिकरी लागेल आणि त्यासाठी वुडवर्किंगच्या पहिल्या पॅसिव्हची चौथी पायरी. वस्तू सम लेव्हलच्याच बनतात, तेव्हा आता ३८ चा, मग ४४ चा आणि शेवटी ५० चा असे तीन स्टाफ पुरतात. पायरी नसेल तर गिल्डमधल्या कुणालाही सांगा, लाकूड तुम्ही दिलंत तर बहुतेक जण फुकट करून देतात.

रंग वाढवताना जपा. कौशल्याची पॅसिव्ह घेतलेली नसतील तर शंभर टक्के खात्रीसाठी हिरव्याला ५, निळ्याला ७, जांभळ्याला १० आणि सोनेरीला २० टेम्पर (दर्जा वाढवायचं साहित्य) लागतात. पॅसिव्ह पूर्ण असतील तर तेच २, ३, ४ आणि ८. कमी टाकून नशीब आजमावलं आणि फसलं, तर फक्त टेम्पर जात नाहीत, वस्तूच नष्ट होते. ५० च्या आत निळ्याच्या पुढे जाऊच नका. तो जांभळा स्टाफ मोडीत काढा, लाकूडकामाचा अनुभव मिळेल आणि टेम्परही परत हाती लागू शकतो.

चॅम्पियन १५० आणि १६० मधला फरकही आत्ताच ध्यानात ठेवा. १५० चं छातीचं जड चिलखत रुबेडाइट धातूच्या १५ पिंडांत होतं, १६० ला १५० पिंड लागतात. बरोबर दहापट. १६० ला पोचेपर्यंत रुबेडाइट आणि रुबी अ‍ॅश लाकूड साठवून ठेवा, मधल्या लेव्हलच्या वस्तूंवर उडवू नका.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते ती मला पटत नाही: ५० पर्यंत सगळं ट्रेनिंग ट्रेटचं (ट्रेट म्हणजे वस्तूला जोडलेला गुण) घाला. हा ट्रेट फक्त मारलेल्या शत्रूंचा अनुभव वाढवतो, क्वेस्टच्या बक्षिसाचा नाही. अलिकरच्या वाळवंटात डोल्मेनमागून डोल्मेन (शत्रू उतरतात ती ठिकाणं) धावणाऱ्याला तो फायद्याचा. कथेच्या क्वेस्ट करत जाणाऱ्याने त्यापेक्षा आर्मर ऑफ द सेड्यूसर हा सेट घ्यावा. बनवणाऱ्याला त्या तुकड्याचे तीनच ट्रेट माहीत असावे लागतात आणि मॅजिकाचा खर्च कमी होतो. तुमचं दुखणं तेच आहे.

गारगोटी:

स्टाफ आणि चिलखताचं कळलं. मग डंजनमध्ये (गटाने लढायच्या तळघरांत) आत्ता जे सेटचे तुकडे मिळतात ते ठेवू की मोडू? ५० नंतर उपयोगी पडतील ना?

खडूफळा:

तसेच्या तसे उपयोगी पडणार नाहीत. लूट तुमच्या लेव्हलचीच पडते आणि त्याच लेव्हलची राहते. ५० नंतरही चॅम्पियन १०, २०, ३० करत १६० पर्यंत जाते आणि तिथे कायमची थांबते. म्हणून १६० च्या आधी एखादा सेट पुरा करायला तेच डंजन वीस वेळा मारणं म्हणजे ते सगळं पुन्हा करणं.

पण मोडायच्या आधी प्रत्येक तुकडा स्वतःला बाइंड करा, म्हणजे कायमचा आपल्या नावावर करा. २०२० च्या नोव्हेंबरपासून सेटचं कलेक्शन आहे. एकदा बाइंड केलेला तुकडा, कुठल्याही लेव्हलचा असो, त्यात नोंदला जातो. पुढे ट्रान्सम्यूट क्रिस्टल देऊन तो त्या वेळच्या लेव्हलला पुन्हा घडवता येतो. सेटचे जितके जास्त तुकडे नोंदलेले, तितका खर्च कमी, आणि सगळे असतील तर एका तुकड्याला २५ क्रिस्टल. म्हणजे ३८ ला मिळालेली अंगठी १६० ला फुकट गेली असं होत नाही. बाइंड न करता मोडली तर मात्र गेली.

५० झाल्यावर चॅम्पियन पॉइंट सुरू होतात. ते अख्ख्या अकाउंटचे असतात आणि हिरवा, निळा, लाल अशा क्रमाने एकेक मिळत जातात. १५० पॉइंट म्हणजे प्रत्येक रंगात ५०. निळ्यात डॅमेज, लालमध्ये तग, हिरव्यात प्रवास आणि कारागिरी. ज्या ताऱ्यांना (पॉइंट घालून मिळणाऱ्या फायद्यांना) बारवर जागा द्यावी लागते, त्यांत नुसते पॉइंट भरून फायदा होत नाही. तो तारा प्रत्यक्ष जागेवर बसवावा लागतो, हे पुष्कळांकडून राहून जातं. खेळ बंद असलेल्या दिवसांचा एनलायटनमेंटचा साठा बारा दिवसांपर्यंत जमतो आणि तो असेपर्यंत चॅम्पियनकडे जाणारा अनुभव चौपट धरला जातो. रोज थोडं खेळणाऱ्याला याचा चांगला उपयोग होतो. दुसरं कॅरेक्टर काढलंत आणि अकाउंट १६० च्या वर असेल, तर ते ५० ला पोचल्या क्षणी १६० चं गिअर घालू शकतं.

निळीशाई:

मामेभावाचा प्रश्न राहिला. नवीन कॅरेक्टर काढायची काहीच गरज नाही, पण सर्व्हर मात्र आधी ठरवा. पीसीवर उत्तर अमेरिका आणि युरोप असे दोन वेगळे मेगासर्व्हर आहेत. एकावरचं कॅरेक्टर, सोनं, चॅम्पियन पॉइंट दुसऱ्यावर जात नाहीत. पुण्यातून युरोप जवळ पडतं. तुमचं ३८ चं कॅरेक्टर अमेरिकेवर असेल तर त्याने तिथे यायचं आणि थोडा लॅग (प्रतिसादातला उशीर) सोसायचा, किंवा तुम्ही युरोपवर शून्यापासून सुरू करायचं. साध्या डंजनपुरता लॅग सोसवतो. वरची वीण घालताना मात्र तो बोटांना जाणवतो.

एकदा एकाच सर्व्हरवर आलात की लेव्हल ४ आणि लेव्हल ३८ एकाच डाकूला मारू शकता, आणि दोघांना लूट आपापल्या लेव्हलची पडते. ग्रुपमध्ये मिळालेला सेटचा तुकडा दोन तासांच्या आत एकमेकांना देता येतो, पण ३८ चा तुकडा त्याला ३८ झाल्याशिवाय घालता येणार नाही. डंजन फाइंडर त्याला १० व्या लेव्हलला उघडेल, सायरोडीलही (खेळाडूंच्या आपसांतल्या युद्धाचा प्रदेश) तेव्हाच. दुसऱ्या बारचं (स्किल्सच्या पट्टीचं) हत्यार १५ ला. तोवर पाचच स्किल आणि एक अल्टिमेट, तेव्हा त्याच्या लढाया लांबल्या तर तो चुकतोय असं समजू नका. घोड्याचं शिक्षण मात्र त्याला लवकर सुरू करायला सांगा. दर २० तासांनी एक धडा, २५० सोनं. वेग, स्टॅमिना, वजन मिळून १८० धडे. तिथे लेव्हलचा काही उपयोग नाही, दिवसच मोजावे लागतात.

इतर गेममधून येणाऱ्यांचा गोंधळ होतो, कारण प्रत्येकाने हे वेगळ्या बाजूने सोडवलंय. २०१२ चा गिल्ड वॉर्स २ उलटं करतो: ८० लेव्हलचा माणूस लहान प्रदेशात गेला की त्यालाच खाली आणतो. त्यामुळे तिथे वाढत्या लेव्हलला दुबळं झाल्यासारखं वाटत नाही. फायनल फँटसी १४ सुरुवातीच्या डंजनमध्ये तुम्हाला खाली आणतोच, वर त्या लेव्हलनंतरची स्किल्सही बंद करतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एकाच प्राण्याकडे दोन लेव्हलचे खेळाडू बघत असतील, तर प्रत्येकाला तो आपापल्या लेव्हलचा दिसतो. तिथे २०२० च्या ऑक्टोबरात तर लेव्हलच १२० वरून ५० वर दाबल्या. माझ्या मते मित्रांनी एकत्र खेळायला ईएसओची पद्धत सगळ्यांत मोकळी, कारण कुणाचंच स्किल काढून घेतलं जात नाही. फक्त गिअरची तारीख सांभाळावी लागते, आणि ते गेम नीट सांगत नाही.

लोहारसाळ:

स्टॉर्म कॉलिंगबद्दल कुणी बोललं नाही. सगळी स्किल्स एकाच लाइनमधली ठेवलीत तर बाकीच्या दोन क्लास लाइन आणि डिस्ट्रक्शन स्टाफ मागे पडतात, आणि त्यांतली पॅसिव्ह उघडतच नाहीत. अनुभव त्या क्षणी हातात असलेल्या बारवरच्या स्किल्सना आणि त्यांच्या लाइनना जातो. म्हणून क्वेस्ट जमा करायला माणसासमोर उभे राहिलात की शेवटचं वाक्य दाबायच्या आधी बार बदला. डार्क मॅजिकचं एक, डेड्रिक समनिंगचं एक, काठीची दोन आणि ज्याचा मॉर्फ (स्किलचं सुधारित रूप) जवळ आलाय ते एक. ती स्किल्स एकदाही न वापरता वाढतील. लढाईला निघताना जुना बार परत लावायला विसरू नका.